‘काय म्हणाली ती?’ : कमी पैशात प्रेमपट काढणाऱ्यांना खुलं पत्र

मराठीत कमी पैशात प्रेमपट काढणाऱ्या सर्व निर्माते-दिग्दर्शकांना,

सप्रेम नमस्कार.

आम्ही साउंड, संकलन, डीआय (चित्राचे रंग-उजेड बसवणं) आणि सबटायटल अशी पडद्यामागची कामं करणारी काही माणसं आहोत. तुमचे चित्रपट आमच्या टेबलावरून जातात आणि पुढे वर्षभराने घरच्या टीव्हीवर आमच्यासमोर येतात. या दोन ठिकाणी दिसणाऱ्या चित्रपटात फार अंतर पडलेलं असतं. ते कमी करता येतं आणि त्याला फारसे पैसेही लागत नाहीत, म्हणून हे पत्र.

आधी तुमच्या बाजूचं बोलू. रात्री जेवणं आटोपल्यावर, ना नट ओळखीचा ना नटी, नावही कधी कानावर न आलेला चित्रपट ‘बघू पंधरा मिनिटं’ म्हणून लावला जातो. पाऊण तासाने पाणी प्यायला उठणारा माणूस ‘थांबव जरा, आलोच’ म्हणतो. अपेक्षा नसताना मिळालेली ही दाद सगळ्यात खरी. ती प्रेमपटाला मिळते, कारण त्याला लागणाऱ्या गोष्टी स्वस्त आहेत. दोन चेहरे, त्यांचं बोलणं, आणि बोलता बोलता गप्प होणं. सतीश राजवाडे यांच्या २०१० च्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’त पुण्यातला एक दिवस आणि मुक्ता बर्वे-स्वप्नील जोशी एवढंच होतं. त्या दोघांची नावंसुद्धा त्या चित्रपटात कळत नाहीत. जॉन कार्नी यांनी डब्लिनमध्ये ‘वन्स’ १७ दिवसांत चित्रित केला, आणि त्यातल्या गाण्याला २००८ मध्ये ऑस्कर मिळालं.

रोहेना गेरा यांचा ‘सर’ मात्र आम्ही तुमच्यासमोर मुद्दाम ठेवतो. २०१८ मध्ये तो कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये दाखवला गेला. भारतात चित्रगृहात आला तो नोव्हेंबर २०२० मध्ये, करोनाच्या काळात, आणि पुष्कळांनी तो पुढे घरीच पाहिला. मुंबईतला एक फ्लॅट. त्यात राहणारा मालक, आणि गावाकडून आलेली, विधवा झालेली, शिवणकाम शिकू पाहणारी रत्ना. चित्रपटाचा बराच भाग त्या फ्लॅटमध्येच घडतो. दोघांमधलं अंतर तिच्या तोंडच्या ‘सर’ या शब्दात आहे, आणि चित्रपट शेवटी येऊन थांबतो तो एका संबोधनापाशी. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी ते इथे सांगत नाही. पण विचार करा, दीड तास बांधत आणलेली गोष्ट जर एका शब्दात उलगडणार असेल, तर तो शब्द घरच्या टीव्हीवर, पंखा चार नंबरवर असताना, स्वच्छ ऐकू यायलाच हवा. छोट्या प्रेमपटाचं सगळं भांडवल अशा शब्दात असतं. आणि आपल्याकडे नेमका तोच शब्द घरी पोचत नाही. शेजारी बसलेली आई विचारते, ‘काय म्हणाली ती?’, आणि तो क्षण तिथेच संपतो.

बिघाड लोकेशनवर सुरू होतो. फ्लॅट भाड्याने घेताना कॅमेऱ्याच्या नजरेतून पाहिला जातो, कानाने कोणी पाहत नाही. रेकीला, म्हणजे जागा आधी बघायला, जाल तेव्हा शूटिंगच्याच वेळेला जा आणि दहा मिनिटं गप्प बसून ऐका. शाळेची मधली सुट्टी, पाण्याचा पंप, शेजारचं बांधकाम, वळणावर गिअर बदलणाऱ्या रिक्षा. फरशी, काच आणि टाइल्सची स्वयंपाकघरं बोलण्याला घुमवतात. कॅमेऱ्यात न येणाऱ्या भिंतींवर आणि जमिनीवर गोधड्या टाका. भाड्याच्या ब्लँकेटइतक्याच त्या कामाला येतात आणि घरोघरी असतात. लांब, समोरचा आवाज दुरून टिपणारा शॉटगन माइक अशा लहान खोलीत भिंतीवरून परतलेला आवाजही उचलतो. आत छोटा हायपरकार्डिऑइड (मुख्यतः समोरचंच ऐकणारा माइक) बूमवर, म्हणजे लांब दांड्यावर, लावा आणि फ्रेम चुकवून शक्य तितका खाली, तोंडाच्या दिशेने धरा. फ्रिज बंद करायला लागतो आणि पॅकअपच्या गडबडीत पुन्हा सुरू करायचा राहतो. म्हणून साउंडवाले आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतात. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, आणि लोकांचं दूध नासत नाही.

लेपल माइकचं, म्हणजे कपड्यात लपवायच्या छोट्या माइकचं, वेगळं सांगतो, कारण आपल्या नायिका साडी नेसतात. स्टार्च केलेली कॉटन आणि कडक काठाची सिल्क, दोन्ही माइकवर घासल्या की कागद चुरगाळल्यासारखा आवाज येतो आणि तो नंतर निघत नाही. माइक पदराला लावू नका, पदर हलतो. ब्लाउजच्या गळ्याच्या शिवणीला आतून लावा, वर आणि खाली मायक्रोपोर टेपचा त्रिकोणी घडीचा तुकडा, चिकट बाजू बाहेर, म्हणजे कापड आणि माइक एकमेकांवर घासत नाहीत. मंगळसूत्राच्या वाट्या एकमेकींवर वाजतात. मागच्या बाजूने, दिसणार नाही असा टेपचा ठिपका दोन वाट्यांच्या मधे लावला की काम होतं. काचेच्या बांगड्यांबद्दल दिग्दर्शकाने आधीच ठरवावं. त्या हव्या असतील तर एका हातात कमी ठेवा आणि त्यांचा आवाज नंतर वेगळा रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि संवादाचे उंच टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास. कुजबुज असेल तर गेन (माइकची पातळी) वाढवा, नटाला ‘जरा मोठ्याने’ म्हणू नका. तो कुजबुजतोय म्हणूनच तो सीन आहे.

प्रत्येक जागेचा रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा तिथला आवाज, ३० ते ६० सेकंद घ्या, सगळे जागच्या जागी उभे असताना, लाइट चालू असताना. त्यावाचून संकलनात दोन टेक जोडले की मागची खोली मधेच नाहीशी होते, आणि प्रेमपटात बहुतेक कट हे शांततेवरच असतात. शॉट बिघडला असं वाटलं तर तिथेच, त्याच खोलीत, कॅमेरा बंद ठेवून नुसते संवाद पुन्हा घ्या. या वाइल्ड लाइन्सना पाच मिनिटं लागतात. तीन महिन्यांनी डबिंग स्टुडिओत उभा राहिलेला नट शब्द अचूक आणतो, पण श्वास आणत नाही. वाक्याआधी अडकलेला श्वास, गिळलेला आवंढा, हसू दाबताना नाकातून गेलेली हवा, हे डबिंगमध्ये सगळ्यात आधी हरवतं. ॲक्शनपटाचं त्यावाचून भागतं, प्रेमपटाचं नाही.

आता मिक्सिंग, म्हणजे संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज एकत्र बसवणं. चित्रगृहासाठीचा मिक्स ८५ डेसिबलच्या संदर्भ पातळीवर बसवतात. मोठी, शांत, अंधारी खोली, आणि संवादासाठी पडद्यामागे स्वतंत्र मधला स्पीकर. घरात यातलं काहीच नसतं. टीव्हीचे दोन लहान स्पीकर मागे किंवा खाली तोंड करून बसवलेले असतात, खर्ज जवळजवळ नसतो, आणि माणूस ऐकतो तोही हळू आवाजात, कारण आत कोणीतरी झोपलेलं असतं. तुम्ही ५.१ ची (पुढचे-मागचे पाच स्पीकर आणि सबवूफर यांची) फाइल दिली आणि स्टिरिओ वेगळा दिला नाही, तर यंत्र स्वतःच घडी घालतं. मधल्या स्पीकरचे संवाद तीन डेसिबल कमी करून डाव्या-उजव्यात टाकतं, मागच्या स्पीकरमधला पाऊस आणि व्हायोलिन त्याच्यावरच आणून बसवतं, आणि सबवूफरचा ट्रॅक बहुधा टाकूनच देतं. स्टुडिओत पाऊस तुमच्या पाठीमागे होता, घरी तो नायिकेच्या तोंडावर पडतो.

म्हणून घरासाठीचा मिक्स वेगळा करा. दोन-तीन दिवसांचं काम आहे. लहान खोलीत, ७९ डेसिबलच्या आसपास, साध्या स्पीकरवर. संवादाची पातळी आधी पक्की करायची आणि बाकी सगळं तिच्याभोवती बसवायचं. हळू वाक्यं हाताने, फेडरने (आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीने), शब्दाशब्दाला वर आणा. सगळ्यावर सरसकट कॉम्प्रेसर (मोठा आणि हळू आवाज एका पातळीजवळ आणणारं साधन) लावला की कुजबुजही घोषणेसारखी ऐकू येते. गाणं सुरू झालं की घरोघरी रिमोटकडे हात जातो, कारण गाणं संवादापेक्षा फार वर असतं. चार-पाच एलयूच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) पुढे जाऊ देऊ नका. प्लॅटफॉर्मचे आकडे आधी विचारून घ्या, ते एकसारखे नसतात. नेटफ्लिक्सला संवादावर मोजलेले उणे २७ एलकेएफएस (आवाजाच्या सरासरी पातळीचं माप, उणे आकडा मोठा तितका आवाज हळू) लागतात, दोन एलयू इकडेतिकडे, आणि टोक उणे २ डेसिबलच्या वर नाही. यूट्यूब उणे १४ एलयूएफएसच्या (एलकेएफएसचंच दुसरं नाव) वर गेलेला आवाज खाली आणतो, पण हळू असलेला वर आणत नाही. म्हणजे एकाच फाइलवर दोन्हीकडे भागवलंत, तर यूट्यूबवर तुमचा चित्रपट पुटपुटतो आणि मधली जाहिरात ओरडते.

मग परीक्षा. तयार फाइल घरी न्या. बत्तीस इंची साधा टीव्ही, पंखा चालू, खिडकी उघडी, आवाज रोज बातम्यांना असतो तेवढा. चित्रपटाची गोष्ट माहीत नसलेल्या दोन माणसांना समोर बसवा, त्यातलं एक साठीच्या पुढचं असू द्या. तुम्ही वही घेऊन मागे बसा. ‘काय म्हणाली?’ असा प्रश्न जिथे जिथे येईल तिथला टाइमकोड (तास-मिनिट-सेकंद) लिहा. दहाच्या वर नोंदी झाल्या तर मिक्सला परत जा. तोच चित्रपट नंतर मोबाइलच्या स्पीकरवर आणि एकदा इअरफोनवर ऐका. इअरफोनमध्ये लेपलची खरखर आणि कटावरची उडी उघडी पडते.

सबटायटलकडे वळतो, कारण संबोधनाचा प्रश्न तिथे पुन्हा येतो. मराठी प्रेमपटातली सगळ्यात मोठी घटना कधी कधी ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं ही असते. इंग्रजीत दोन्ही ‘यू’च. ऑफिसातला माणूस महिनाभर ‘जोशी मॅडम, तुम्ही’ म्हणत असेल, तर इंग्रजी ओळीत ‘मॅडम’ शक्य तिथे टिकवून ठेवा, वाक्यात थोडं जास्त झालं तरी चालेल. मग ज्या ओळीत तो ‘तू’ म्हणतो त्या ओळीत ‘मॅडम’ गाळा किंवा पहिल्यांदा नाव घाला. मराठी न कळणाऱ्यालाही काहीतरी घडल्याचं लक्षात येतं. हे काम मराठी कानाच्या माणसाकडेच द्या, आणि त्याला संहिता देऊन मोकळे होऊ नका, चित्रपट दाखवा.

मोजमापं अशी: ओळीत ४२ अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी, सेकंदाला साधारण १७ अक्षरांचा वेग, कमीत कमी २० फ्रेम आणि जास्तीत जास्त सात सेकंद. पण प्रेमपटात याहून महत्त्वाचं म्हणजे ओळ कुठे तोडायची. ती म्हणते, ‘हो…’ आणि तीन सेकंद थांबून म्हणते, ‘पण आत्ता नाही.’ दोन्ही एकाच कार्डावर, म्हणजे एका वेळी दिसणाऱ्या सबटायटलमध्ये, टाकलं तर वाचणाऱ्याला उत्तर तिच्या आधीच कळतं, आणि नटीने कमावलेले ते तीन सेकंद फुकट जातात. जिथे ती थांबते तिथे कार्ड तुटलं पाहिजे. सबटायटल चित्रावर कोरून देऊ नका, फाइल वेगळी द्या, आणि चित्राची अक्षरं नसलेली प्रतही सोबत ठेवा. मराठीतूनही एक फाइल करा. ऐकू कमी येणारे आजी-आजोबा देवनागरी झरझर वाचतात, आणि त्यांची परदेशात वाढलेली नातवंडं इंग्रजी वाचत सोबत बसतात. माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या मार्च २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चित्रगृहात श्रवणदोष आणि दृष्टिदोष असलेल्यांसाठी सोय करायचीच आहे. त्यासाठी कॅप्शन लिहून घेतलीत तर घरच्या आवृत्तीलाही तीच जोडा.

चित्राबद्दल थोडक्यात. चित्रगृहाचा डीआय अंधारात, २.६ गॅमावर (उजेड-अंधाराच्या वाटणीचं माप) बसतो, आणि घरी ट्यूबलाइट चालू असते. गच्चीवरचा रात्रीचा सीन तिथे निळा, गहिरा, सुंदर होता, इथे टीव्हीच्या काचेत फक्त समोरची खिडकी दिसते. घरासाठी रेक ७०९ चा (टीव्हीच्या रंगांचं मानक) वेगळा पास करा आणि तो उजेडातल्या साध्या टीव्हीवर तपासा. चेहऱ्याची निदान एक बाजू वाचता यायला हवी. शूटिंगच्या वेळीच नायकाच्या जवळ दिवा, मोबाइल, टपरीचा बल्ब असं काहीतरी ठेवलंत तर हा त्रास निम्म्यावर येतो. दुसरं, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. २४ फ्रेमला १८० अंशांचं शटर (प्रत्येक फ्रेमवर उजेड किती वेळ पडतो ते) ठेवलं की जुन्या चोकच्या ट्यूबा आणि स्वस्त एलईडी बल्ब फडफडतात किंवा पट्टे पाडतात. शटर १७२.८ अंशांवर, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवा. बहुतेक दिव्यांचं त्यात निभावतं, तरी प्रत्येक बल्ब आधी शूट करून मोठ्या मॉनिटरवर बघा. २४ फ्रेमचा चित्रपट २४ फ्रेमचाच द्या. कोणीतरी मधेच तो २५ चा करून दिला की चालणारी माणसं अडखळल्यासारखी दिसतात.

मोबाइलवरचे मेसेज हा आजच्या प्रेमाचा अर्धा संवाद आहे आणि तो घरी सहसा वाचता येत नाही. नायिकेच्या हातातला फोन मिड शॉटमध्ये दाखवला तर सहा इंची पडद्यावर त्यातलं अक्षर ठिपक्याएवढं होतं. मजकूर फ्रेमवर वेगळा आणा, अक्षराची उंची फ्रेमच्या विसाव्या भागापेक्षा कमी नको, आणि देवनागरी असेल तर ओळींत जास्त जागा सोडा, नाहीतर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या उकारात अडकते. वाचायला लागेल त्याच्या दीडपट वेळ ठेवा, कारण माणूस मेसेज वाचतो आणि मग चेहरा बघतो.

पहिल्या दोन मिनिटांबद्दल कळकळीने सांगतो. चित्रगृहात प्रायोजकांच्या, आभारांच्या, ‘विशेष सहकार्य’च्या पाट्या चालून जातात, कारण लोक खुर्ची शोधत असतात. घरी तेवढ्यात प्रेक्षक निघून जातो. त्या माणसांचे आभार मनापासून मानायचेच आहेत, पण घरच्या आवृत्तीत ते शेवटी घ्या, आणि तसं करारातच लिहा. ‘मध्यांतर’ची पाटी आणि तिच्यासाठी घातलेला संगीताचा दणकाही काढा. आणि नायकाच्या हातात सिगारेट खरंच हवी का, हे संहितेतच ठरवा. सप्टेंबर २०२३ पासून ऑनलाइन मंचांनाही तंबाखूविरोधी सूचनांचे नियम लागू आहेत. सुरुवातीला आणि मध्यावर ३० सेकंदांची फिल्म, आणि सिगारेट दिसते तितका वेळ खाली सूचना. नियम योग्यच आहे. म्हणूनच कबुलीच्या सीनमध्ये सवयीने दिलेली एक सिगारेट तुमच्या चित्रपटाची शांतता ठिकठिकाणी मोडते, आणि ती सूचना सबटायटलच्याच जागी येते.

चहाच्या टपरीवर रेडिओ लागलेला असतो आणि जुनं गाणं वाजतं. सीन सुंदर होतो. पण त्या गाण्याचे दोन हक्क असतात, शब्द-चालीचा एक आणि ध्वनिमुद्रणाचा दुसरा, आणि दोन्ही घ्यावे लागतात. चित्रगृहापुरते घेतले असतील तर घरच्या प्रदर्शनाला पुरत नाहीत. मग शेवटच्या आठवड्यात गाणं उडवतात आणि त्याच्यासोबत त्याच ट्रॅकवरचा संवादही जातो. रेडिओ शूटिंगला कधीच वाजवू नका, गाणं नंतर टाका. आणि हक्क मिळाले नाहीत तर तुमच्याच संगीतकाराकडून त्या काळच्या वळणाचं एक मिनिट करून घ्या.

तुमचा चित्रपट घरी सापडतो तो अंगठ्याएवढ्या चित्रावरून आणि दोन ओळींवरून. त्या दोन ओळींत बहुतेक वेळा ‘एक हळुवार, अनोखी प्रेमकहाणी’ असं लिहिलेलं असतं, आणि त्यातून काहीच कळत नाही. कोण, कुठे, कशात अडकलंय ते लिहा. ‘साताऱ्याच्या एसटी स्टँडवर चौकशी खिडकीत बसणारी रेवा आणि रोज चुकीच्या गाडीची वेळ विचारणारा एक माणूस.’ एवढ्यावर कोणीतरी थांबेल. पोस्टरवर सात जणांचे चेहरे असतील तर छोट्या चित्रासाठी दोनच ठेवा, आणि अक्षरं नसलेलं पोस्टरही मागून घ्या.

ज्यांचा चित्रपट चित्रगृहात येऊन गेला आहे, त्यांनाही अजून वेळ आहे. मिक्सिंग झालं तेव्हा स्टुडिओत संवाद, संगीत आणि इफेक्ट्स असे वेगवेगळे स्टेम्स तयार झालेले असतात. ते हातात असतील तर घरचा मिक्स तीन दिवसांत होतो, नसतील तर मूळ सेशन (मिक्सिंगची मूळ फाइल) शोधत बसावं लागतं, आणि तेही मिळेलच असं नाही. स्टुडिओ आपल्या डिस्क ठराविक काळाने रिकाम्या करतात. आज फोन करा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, पूर्ण लांबीचे, एकाच फ्रेमपासून सुरू होणारे स्टेम्स मागा, दोन हार्डडिस्कवर घ्या, एक ऑफिसात ठेवा आणि एक दुसऱ्या कोणाच्या घरी. आल्या दिवशीच दोन्ही उघडून, शेवटच्या रिळापर्यंत वाजवून बघा.

आपले,
पडद्यामागचे काही जण